नोंदणीच्या टेबलामागचं अधिवेशन

ग्रंथालयांच्या अधिवेशनाची बातमी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते, तेव्हा फोटो दीपप्रज्वलनाचा असतो. समई, तिच्याभोवती सहा-सात मान्यवर, मागे फ्लेक्स आणि मथळ्यात मंत्रिमहोदयांचं आश्वासन. वाचणाऱ्याला वाटतं, ग्रंथपाल मंडळी जमली, भाषणं झाली, जेवली आणि पांगली. बातमीत खोटं काही नसतं, पण अधिवेशनही फारसं नसतं. ते चालतं मंडपाच्या दाराशी मांडलेल्या टेबलांवर, जेवणाच्या रांगेत, मुक्कामाच्या हॉलमध्ये रात्री साडेअकराला आणि ऐनवेळी मुका झालेल्या माइकपाशी. तिथे उभे असतात ते छातीवर 'कार्यकर्ता' असा बिल्ला लावलेले लोक. त्यांतले बरेचसे स्वतःच ग्रंथपाल, पुस्तकांची देवघेव सांभाळणारे निर्गम सहायक किंवा ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी असतात. हा सगळा कारभार जुळतो कसा, ते जरा सावकाश पाहू.

आधी येतं कोण? महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967चा, त्याचा अंमल 1 मे 1968पासून. या कायद्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत आणि अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली आहेत. वर्गावर अनुदान ठरतं आणि अनुदानावर पगार. वरच्या वर्गात ग्रंथपालाच्या हाताखाली सहायक ग्रंथपाल, निर्गम सहायक, शिपाई अशी माणसं असतात. ड वर्गाच्या वाचनालयात मात्र कुलूप काढणारा, वर्तमानपत्रं लावणारा, पुस्तकांची देवघेव करणारा आणि शेवटी झाडू मारून दिवा मालवणारा माणूस बहुधा एकच. त्याला स्वतःच्या कामातलं बोलायला गावात कोणी नसतं. दाखल नोंदवहीत खाडाखोड झाली तर पुढे काय, भेट आलेल्या जुन्या पुस्तकाची किंमत किती धरायची, गहाळ पुस्तकं दप्तरातून कमी कशी करायची, हे तो विचारणार कोणाला? जिल्हा ग्रंथालय संघ, त्यावर विभागीय संघ आणि सर्वांत वर राज्य संघ अशी जी उतरंड आहे, तिची अधिवेशनं मुख्यतः या माणसासाठी भरतात, असं मी तरी मानतो. त्याच्याबरोबर संस्थांचे अध्यक्ष-कार्यवाह येतात, शाळा-महाविद्यालयांतले ग्रंथपाल येतात. निवृत्त मंडळी तर निमंत्रण चुकलं तरी येतात, आणि त्यांनी यावंच.

अशा भेटीची गरज जुनी आहे. अमेरिकेत 1876 साली फिलाडेल्फियाला 103 जण जमले आणि त्या बैठकीतून अमेरिकन लायब्ररी असोसिएशन उभी राहिली. जमवाजमव करणाऱ्यांत दशांश वर्गीकरणाचा जनक मेल्विल ड्यूई होता. आपल्याकडे जानेवारी 1918मध्ये लाहोरला सरकारी पुढाकाराने ग्रंथपालांची परिषद भरली. पुढच्या वर्षी मद्रासला सार्वजनिक ग्रंथालयांची अखिल भारतीय परिषद झाली. तिचे अध्यक्ष होते बडोदे संस्थानच्या ग्रंथालय खात्याचे कुडाळकर. सयाजीराव गायकवाडांनी 1910मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना आणून ज्याची घडी बसवली, तेच हे खातं. बडोद्याहून निघणाऱ्या 'लायब्ररी मिसेलनी' या नियतकालिकात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूरही असे. 1933मध्ये कलकत्त्याच्या परिषदेत भारतीय ग्रंथालय संघ स्थापन झाला आणि 1992मध्ये जागतिक ग्रंथालय महासंघाचं, म्हणजे इफ्लाचं, अधिवेशन दिल्लीला भरलं. इतिहास इतका पुरे. आता मंडप घालू.

यजमानपद एखाद्या जिल्ह्याकडे येतं ते वर्षभर आधी. तिथलं जुनं, नाव असलेलं एखादं वाचनालय पुढाकार घेतं आणि स्वागत समिती होते. समितीत प्रतिष्ठितांची नावं भरपूर असतात. प्रत्यक्ष काम करणारे सात-आठ जण पहिल्याच बैठकीत ओळखू येतात, कारण तेच तेवढे वही घेऊन आलेले असतात. पहिला प्रश्न जागेचा. पाचसहाशे माणसं बसतील, जेवतील आणि झोपतील अशी जागा तालुक्याच्या गावी एकच, मंगल कार्यालय. त्यामुळे तारीख धरायची ती पंचांग उघडून. ज्या दिवशी लग्नाचा मुहूर्त नाही, तो अधिवेशनाचा मुहूर्त. पावसाळा नको, मार्चअखेर तर नकोच, कारण तेव्हा प्रत्येक ग्रंथपाल अनुदानाच्या हिशेबात मानेपर्यंत बुडालेला असतो. दुसरा प्रश्न पैशाचा. प्रतिनिधी शुल्कातून जेवणखाण जेमतेम निघतं. मंडप, साउंड, पाहुण्यांचा प्रवास, छपाई हे सगळं देणग्यांवर, स्मरणिकेच्या जाहिरातींवर आणि पुस्तकांच्या स्टॉलच्या भाड्यावर चालतं. स्मरणिकेतले लेख कोणी वाचो न वाचो, मधली बारा पानं जाहिरातींची भरली की संपादकाचा जीव भांड्यात पडतो.

मग माणसं. सहाशे प्रतिनिधी धरले तर चाळीसेक कार्यकर्ते लागतात. यजमान वाचनालयाचे कर्मचारी, आसपासच्या तालुक्यांतले ग्रंथपाल, जवळच्या महाविद्यालयात बी.लिब. करणारी मुलं-मुली आणि वाचनालयाचे हौशी सभासद, असा हा ताफा. कामाची वाटणी कागदावर सोपी दिसते: नोंदणी, निवास, भोजन, व्यासपीठ, ग्रंथप्रदर्शन, वाहतूक. प्रत्येक कामाला एक प्रमुख. प्रमुख नेमताना चूक होते ती नेहमीची, माणसाचं वय आणि पद बघून नेमणूक होते. भोजनप्रमुखाला हिशेब यावा लागतो आणि निवासप्रमुखाला रात्री जागता यावं लागतं. नोंदणीप्रमुखाला आवाज न चढवता सलग तीन तास बोलता आलं पाहिजे. हे गुण ज्याच्याकडे असतात तो अनेकदा समितीतला सर्वांत धाकटा असतो.

नोंदणीकडे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण अधिवेशन बिघडतं ते इथेच. साधा हिशेब करा. प्रतिनिधीचं नाव विचारायचं, संस्थेचं नाव लिहायचं, पैसे घ्यायचे, सुटे परत द्यायचे, पावती फाडायची, बिल्ल्यावर नाव लिहायचं, पिशवी द्यायची. यात एका माणसामागे सहज दोन मिनिटं जातात. सहाशे माणसांची बाराशे मिनिटं, म्हणजे वीस तास. सहा टेबलं लावली तरी तीन तास वीस मिनिटं. उद्घाटन दहाला असेल तर रांग पावणेसातच्या आधीच सुरू व्हायला हवी, आणि पावणेसातला निम्मे प्रतिनिधी अजून एसटीत असतात. शुल्क आधी जमा झालेलं असेल आणि पावती-बिल्ला तयार असेल, तर तेच काम अर्ध्या मिनिटाचं होतं. मग सहा टेबलांवर सहाशे माणसं पन्नास मिनिटांत आत जातात. म्हणून चांगला नोंदणीप्रमुख महिनाभर आधीपासून फोनला चिकटलेला असतो. ऑनलाइन पैसे भरण्याची सोय आल्यापासून हे सोपं झालंय खरं, पण ज्यांचं वाचनालय ड वर्गाचं आणि कार्यवाह शेतात, त्यांचे पैसे अजूनही रोखच येतात. त्यांच्यासाठी एक टेबल वेगळं ठेवावंच लागतं.

टेबलांची विभागणी कशी करायची यावर दर वेळी वाद होतो. महाविद्यालयातून आलेली मुलं म्हणतात, आडनावाच्या अकारविल्हे करू, शास्त्रशुद्ध होईल. शास्त्रशुद्ध होतं, पण चालत नाही. माणसं येतात ती जीप करून, जिल्ह्याची जिल्ह्याला. एका गाडीतले नऊ जण उतरले की ते वेगवेगळ्या टेबलांवर पांगायला तयार नसतात. एकाच्या खिशात सगळ्यांचे पैसे असतात आणि एकालाच सगळ्यांची नावं पाठ असतात. त्यामुळे टेबलं जिल्हावार लावावीत आणि प्रत्येक टेबलावर त्या भागातली माहिती असणारा एक माणूस बसवावा. त्याला गावांची नावं ऐकताक्षणी लिहिता येतात. टेबलांवरचे फलक डोक्याच्या वर, बांबूला बांधून लावायचे. टेबलाच्या कडेला चिकटवलेला कागद पहिल्याच रांगेने झाकला जातो.

आणि पावती. बाहेरच्याला ही बाब किरकोळ वाटेल. प्रतिनिधी शुल्क बहुतेकांना संस्थेकडून मिळतं आणि संस्थेला ते हिशेबात दाखवायचं असतं. पावतीवर संस्थेचं नाव मान्यतेच्या पत्रात जसं आहे तसंच हवं: सार्वजनिक वाचनालय, मुक्काम पोस्ट अमुक, तालुका, जिल्हा. घाईत कोणी नुसतं माणसाचं नाव घातलं, तर लेखापरीक्षणात तो खर्च अडकतो आणि शेवटी ग्रंथपालाच्या खिशातून जातो. त्यामुळे पावती लिहिणाऱ्याचं अक्षर सुवाच्य असावं आणि नाव लिहून झाल्यावर त्याने ते मोठ्याने वाचून दाखवावं. या एका सवयीने शेवटच्या दिवशीची 'पावती बदलून द्या' ही रांग निम्म्याने घटते.

पिशव्या आदल्या रात्री भरतात. कार्यालयाच्या हॉलमध्ये सतरंजीवर ढीग मांडलेले असतात: फाइल, वही, पेन, कार्यक्रमपत्रिका, स्मरणिका, कुठल्या तरी पतसंस्थेने दिलेलं कॅलेंडर. दहा जण ओळीने बसतात, प्रत्येकाकडे एकच वस्तू. पिशवी हातोहात पुढे सरकते आणि शेवटचा माणूस आत डोकावून खात्री करून ती भिंतीला लावतो. गप्पा रंगल्या की पेनं राहतात. जेवणाची कुपनं मात्र पिशवीत कधी घालू नयेत. कुपन म्हणजे रोख रक्कम. ते नोंदणीवहीत सही घेऊन हातात द्यायचं. प्रत्येक जेवणाचा रंग वेगळा ठेवायचा आणि त्यावर शिक्का मारायचा. पिशव्यांची अदलाबदल होते, बसमध्ये राहतात, कोणी दोन नेतो. ते सगळं चालतं, कुपनांचं चालत नाही.

जेवणाचं गणित लग्नापेक्षा अवघड. लग्नात पाहुणा एकदा जेवून आहेर देऊन जातो. इथे तोच माणूस दोन दिवस सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, चारचा चहा आणि रात्रीचं जेवण असं बसणार असतो, आणि पहिल्या जेवणात काही कमी पडलं तर बाकी अधिवेशनभर तीच चर्चा. आचाऱ्याला रात्री आकडा द्यावा लागतो. नोंदणी सहाशेची असेल तर दुपारच्या जेवणाला साडेसहाशे धरायचे, कारण पाहुणे, ड्रायव्हर, स्टॉलवाले, पोलीस, पत्रकार आणि कार्यकर्ते हे नोंदणीत नसतात. समारोपाच्या दिवशीच्या जेवणाला उलट कमी धरायचे, कारण लांबच्या गाड्या सकाळीच हलतात. बुफेच्या एका टेबलाच्या दोन्ही बाजूंनी रांग सोडली तर मिनिटाला दहा-बारा ताटं पुढे सरकतात. म्हणजे सहाशे माणसांना एका टेबलावर तासभर. तीन टेबलं मांडली तर वीस मिनिटांत मांडव जेवायला लागतो आणि दुपारचं सत्र वेळेवर सुरू होण्याची निदान आशा उरते. मधुमेही ज्येष्ठांसाठी एक टेबल, चार खुर्च्या आणि वाढणारा एक कार्यकर्ता वेगळा ठेवलेला मी काही ठिकाणी पाहिलाय. खर्च शून्य आणि त्याची आठवण ते लोक वर्षानुवर्षं काढतात.

निवासाबद्दल बाहेर कोणी बोलत नाही, आत सगळे तेवढंच बोलतात. पाहुण्यांना लॉज, प्रतिनिधींना शाळेचे वर्ग किंवा कार्यालयाचे हॉल, गादी-उशी-चादर डेकोरेटरची. पन्नास माणसांमागे दोन न्हाणीघरं असतील तर सकाळी साडेपाचपासून रांग लागते आणि साडेआठच्या ग्रंथदिंडीला निम्मे लोक ओल्या केसांनी येतात. आदल्या दिवशी संध्याकाळी निवासप्रमुखाने स्वतः जाऊन प्रत्येक नळ उघडून बघावा, प्रत्येक दाराची कडी लावून बघावी. महिलांच्या निवासाला तर हे डोळ्यांत तेल घालून व्हायला हवं. वाचनालयांत काम करणाऱ्या स्त्रिया बऱ्याच आहेत. त्यांतल्या कित्येकींना दोन दिवस घराबाहेर राहायची मुभा मोठ्या मिनतवारीने मिळालेली असते. निवास मंडपाजवळ हवा, वाटेत दिवे हवेत, दाराशी महिला कार्यकर्ती हवी आणि तिचा फोन नंबर प्रत्येकीकडे हवा. एका अधिवेशनात यजमानांनी महिलांची सोय मंडपापासून दोन किलोमीटरवर केली होती आणि रात्रीच्या कार्यक्रमानंतर गाडी आलीच नाही. तिथल्या प्रतिनिधी नंतर अनेक वर्षं अधिवेशनाचं नाव काढत नव्हत्या, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पण याच हॉलमध्ये रात्री जे चालतं ते कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेत नसतं. दिवे मालवायची वेळ झालेली असते आणि गाद्यांवर कोंडाळी जमलेली असतात. कोणी ई-ग्रंथालय कसं बसवलं ते मोबाइलवर दाखवत असतो. नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरची ही प्रणाली आहे आणि तिच्यात मराठी नोंदी करता येतात, हे कळलं की दुसरा उठून वही शोधतो. तिसरा कोहा या दुसऱ्या प्रणालीची बाजू घेऊन भांडतो. एक बाई शांतपणे सांगत असतात की पाच हजार पुस्तकांची परिगणना एकटीने करायची तर कपाटागणिक रोज एक तास द्यायचा, आणि त्या कपाटाची देवघेव तेवढा वेळ बंद ठेवायची. हे ज्ञान पुस्तकात आहे, परिसंवादातही कोणी सांगेल. पण ज्याने ते केलंय त्याच्या शेजारच्या गादीवर बसून ऐकलेलं माणूस गावी जाऊन करतो.

दिवसाच्या सत्रांचं वर्णन थोडक्यात आटोपतो. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, सत्कार, बीजभाषण. सत्कारात शाल-श्रीफळाऐवजी पुस्तक देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी पडलीये, ती चांगली. सत्कारमूर्तींची यादी ऐनवेळी वाढते आणि तितकी मिनिटं परिसंवादातून कापली जातात, ही पद्धत वाईट. व्यासपीठाच्या कार्यकर्त्याची दोन खरी कामं. एक म्हणजे वेळ. पहिल्या रांगेत बसून 'पाच मिनिटं', 'दोन मिनिटं', 'कृपया थांबावं' अशा मोठ्या अक्षरांच्या पाट्या दाखवायच्या. चिठ्ठी पाठवून उपयोग नसतो, वक्ते ती न वाचता खिशात ठेवतात. दुसरं काम लॅपटॉपचं, आणि इथे मराठी माणसाच्या वाट्याला खास अडचण येते. वक्त्याने घरी जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमध्ये केलेलं सादरीकरण आयोजकांच्या लॅपटॉपवर उघडलं की पडद्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. वक्ता घाबरा होतो, सभागृह हसतं, दहा मिनिटं जातात. तोडगा सोपा आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांकडून फाइली घ्यायच्या, प्रत्येक फाइल उघडून बघायची आणि बिघडलेली असेल तर वक्त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवरून पीडीएफ करून मागवायची. अर्ध्या तासाचं काम आहे. ते करणारा कार्यकर्ता सत्र सुरळीत पार पडल्यावर कोणाच्या लक्षातही येत नाही.

ग्रंथप्रदर्शनात प्रकाशक आणि विक्रेते स्टॉल लावतात. दूरच्या गावांतल्या ग्रंथपालांना नवी पुस्तकं हाताळून निवडायची ही क्वचित मिळणारी संधी. नाहीतर यादीवर टिका मारूनच खरेदी. इथला कार्यकर्ता वीज आणि टेबलांची सोय बघतो, पण त्याने एक गोष्ट स्टॉलवाल्यांना आधीच सांगून ठेवावी: बिल संस्थेच्या नावाने, तारखेसह, प्रत्येक पुस्तकाचं नाव, किंमत आणि दिलेली सवलत वेगवेगळी लिहून. 'पुस्तके, एकूण इतके रुपये' असं बिल घेऊन गेलेला ग्रंथपाल मार्चमध्ये पुन्हा त्याच दुकानदाराला फोन लावत बसतो.

समारोपाच्या आधी खुलं अधिवेशन. अनुदानवाढ, कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणी, वर्गबदल, नव्या ग्रंथालयांना मान्यता, असे ठराव मांडले जातात. प्रत्येक ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतो. ठराव आदल्या संध्याकाळपर्यंत लेखी घेतले, ठराव समितीने सारखे ठराव एकत्र केले आणि टाइप करून प्रती वाटल्या, तर सभा तासाभरात संपते आणि शासनाकडे जाणारा कागदही नीट असतो. तोंडी ठरावांना मुभा दिली की माइक परत मिळत नाही. दर वर्षी तेच ठराव येतात म्हणून काही जण नाकं मुरडतात. मागणी पुरी झाली नाही तर ती पुन्हा मांडणार नाही तर काय करणार?

बाहेरच्या देशांत हेच काम वेगळ्या शिस्तीने चालतं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या वार्षिक अधिवेशनाला हजारोंनी माणसं येतात, शहरातलं सगळ्यात मोठं परिषदगृह लागतं आणि प्रदर्शनात प्रकाशक येऊ घातलेल्या पुस्तकांच्या आगाऊ प्रती वाटतात. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी तिथे एक योजना आहे. विद्यार्थ्याने रोज साधारण चार तास अधिवेशनाच्या कचेरीत काम करायचं. त्या बदल्यात नोंदणी माफ, राहण्याची सोय आणि दिवसाचा भत्ता. उरलेल्या वेळात त्याने सत्रं ऐकायची, माणसांना भेटायचं. इफ्लाची काँग्रेस दर वेळी वेगळ्या देशात भरते आणि यजमान देशातले ग्रंथपाल नि विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून उभे राहतात. इफ्लाच्या अधिकृत भाषा सात असल्याने कोणत्या दालनात दुभाष्याची सोय आहे, हे सांगण्यापासून त्यांचं काम सुरू होतं. गंमतही करतात ही मंडळी. अमेरिकेत काही वर्षं पुस्तकांच्या ढकलगाड्या घेऊन संचलन करण्याची स्पर्धा अधिवेशनात होत असे, गणवेश आणि संगीतासह.

त्या मानाने आपण कार्यकर्त्यांना वाईट वागवतो, हे स्पष्ट लिहायला हवं. सकाळी सहाला टेबलावर बसलेली मुलगी रात्री दहाला बिल्ले मोजत असते. दोन दिवसांत तिने एकही परिसंवाद पुरता ऐकलेला नसतो आणि जेवण सगळ्यांच्या शेवटी, म्हणजे भाजी संपल्यावर. आभारप्रदर्शनात तिचा उल्लेख 'ज्ञात-अज्ञात हातांचे आभार' एवढ्यात उरकतो. चार-चार तासांच्या पाळ्या लावायला खर्च येत नाही. चाळीसऐवजी साठ माणसं गोळा करावी लागतात आणि एक तक्ता भिंतीवर चिकटवावा लागतो. कार्यकर्त्यांचं जेवण प्रतिनिधींच्या अर्धा तास आधी ठेवावं. प्रत्येकाला आवडीचं निदान एक सत्र मोकळं द्यावं आणि प्रमाणपत्रावर 'सहभाग' असं मोघम न लिहिता कोणतं काम केलं ते लिहावं. नोकरीच्या मुलाखतीत 'सहाशे प्रतिनिधींची नोंदणी सांभाळली' हे वाक्य बोलकं ठरतं.

प्रमाणपत्रांवरून आठवलं. हजेरीचं प्रमाणपत्र प्रतिनिधींना हवंच असतं, कारण कार्यालयात रजा त्यावर मंजूर होते. माणसं शेवटपर्यंत बसावीत म्हणून ते समारोपानंतर वाटायची काही आयोजकांची युक्ती असते. परिणाम इतकाच की शेवटची एसटी साडेपाचची असलेला माणूस चारपासून समारोप सोडून टेबलाला चिकटतो. त्यापेक्षा दुपारच्या जेवणानंतर जिल्हावार टेबलांवरून वाटून टाकावीत. ज्याला बसायचं तो बसतोच.

पांगापांग झाल्यावर आठवडाभर हिशेब चालतो. वापरलेली कुपनं मोजून आचाऱ्याचं बिल ताडायचं, डेकोरेटरच्या गाद्या मोजून परत, उरलेल्या पिशव्या शाळेला, स्मरणिकेच्या प्रती जाहिरातदारांना. जाहिरातदाराला प्रत पोचली नाही तर पुढच्या वर्षी तो दार उघडत नाही. जमाखर्च महिन्याच्या आत छापून संघाच्या सभेत ठेवला तर त्या यजमानांचं नाव चांगलं राहतं, पाच-दहा हजारांची तूट आली असली तरी.

तुमच्या जिल्ह्यात अधिवेशन भरणार असेल आणि तुम्ही बी.लिब. करत असाल, नुकतेच वाचनालयात रुजू झाला असाल किंवा नुसते जुने सभासद असाल, तरी जिल्हा ग्रंथालय संघाच्या कार्यवाहांकडे महिनाभर आधी नाव देऊन ठेवा. कोणतं काम हवं असं विचारतील. नोंदणीचं टेबल मागा. रोख पैशांचं टेबल मिळालं तर आणखी चांगलं, खेड्यापाड्यांतून आलेली सगळी वाचनालयं त्या एका टेबलावर भेटतात. येताना सुटे पैसे, दोन जास्तीचे पेन आणि घरचा डबा आणा.